लसिकेला हवी हालचाल

नागपूर-पुणे प्रवास रात्रभर बसून केला, की सकाळी पादत्राणे घट्ट होतात. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या घोट्यांवर संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात. पाय उंचावर ठेवून पडले किंवा थोडे चालले, की ही सूज ओसरते. या नित्याच्या अनुभवात रक्तवाहिन्यांच्या जोडीने आणखी एका संस्थेचा वाटा असतो. ती म्हणजे लसिका संस्था.

पंप नसलेली संस्था

रक्तातील काही द्रव केशवाहिन्यांमधून ऊतींमध्ये सतत पाझरत असतो. हा द्रव आणि त्यातील प्रथिने लसिकावाहिन्या गोळा करतात. लसिका ग्रंथींमध्ये तो गाळला जातो आणि मानेच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या नीलांमधून पुन्हा रक्तात मिसळतो. इटालियन वैद्य गास्पारे असेल्ली यांना १६२२ मध्ये कुत्र्याच्या आतड्यांजवळ अशा दुधाळ वाहिन्या प्रथम दिसल्या.

रक्ताला हृदयाचा रेटा मिळतो; लसिकेला असा मध्यवर्ती पंप नाही. तिच्या वाहिन्या स्वतः आकुंचन पावतात आणि आतील झडपा द्रव मागे जाऊ देत नाहीत. उरलेले काम हालचालीचे. स्नायू आवळले, की शेजारच्या वाहिन्या दाबल्या जातात. दीर्घ श्वास घेतला, की छातीतील दाब घटून लसिका वर ओढली जाते. व्यायामात लसिकेचा प्रवाह विश्रांतीच्या तुलनेत साधारण दोन ते तीन पट होतो, तो यामुळेच.

उभे, बसलेले, आडवे

स्तब्ध उभे राहिल्यास घोट्याजवळील नीलांमधील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागताच पोटरीचे स्नायू तो ३० च्या आसपास आणतात. दाब जितका अधिक, तितका पाझर अधिक आणि लसिकावाहिन्यांवरील भारही अधिक. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवल्याने पाझर कमी होतो, तर चालण्याने निचराही वाढतो. म्हणून दोन्हींची जोड उपयुक्त ठरते.

शीर्षासनाने लसिका ‘शुद्ध’ होते, हा दावा मात्र सिद्ध झालेला नाही. काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते करू नये.

जुनी भीती, नवे पुरावे

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्यास किंवा तेथे किरणोपचार दिल्यास हाताला कायमची सूज येऊ शकते. तिला लिम्फेडेमा म्हणतात. अशा स्त्रियांनी त्या हाताने जड काम करूच नये, असे वर्षानुवर्षे बजावले जाई. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ स्त्रियांना तयारी करून ड्रॅगन बोट वल्हवण्यास लावले. कोणालाही नव्याने सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. नातवंडाला कडेवर घेण्यासही धजावत नसलेल्या स्त्रियांसाठी हा निष्कर्ष मोलाचा ठरला.

विदर्भाला परिचित असलेल्या हत्तीरोगात डासांमार्फत शिरलेले जंत लसिकावाहिन्या निकामी करतात. रोज साबणाने पाय धुऊन कोरडे करणे, पाय उंच ठेवणे आणि घोट्याचे व्यायाम हे तेथेही उपचाराचे आधार आहेत. ताप व वेदनेचा तीव्र झटका असताना मात्र व्यायाम टाळावा.

हे लक्षात ठेवा

* बैठ्या कामात अधूनमधून उठून चालावे. ते शक्य नसल्यास टाचा आणि चवडे आलटून पालटून उचलावेत.
* पाय उंच ठेवताना टाच हृदयाच्या पातळीच्या वर असावी. गंभीर हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.
* लिम्फेडेमा असल्यास व्यायामाची सुरुवात तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली, कमी वजनाने करावी.
* एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखू लागल्यास तो केवळ थकवा समजू नये. नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्वरित रुग्णालय गाठावे.