वसईची घंटा आणि आमचा दिवाणखाना

आमचे वसईगावातले घर जुने. मधली भिंत काढल्यापासून दिवाणखाना ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि ११ फूट उंच झाला आहे. गेल्या दिवाळीत तेथे होम थिएटर आणायचेच, असा चिरंजीवांचा हट्ट होता. माझी चिंता निराळी होती. ऐंशी उलटलेले आमचे अण्णा सर्वांबरोबर सिनेमा पाहायला बसत; पण संवाद कळेनासे झाले, तसे ते मुकाट्याने उठून ओटीवर जाऊ लागले. दुकानदार म्हणाला, "खोली मोठी आहे, जास्त वॉटचा रिसीव्हर घ्या." चिरंजीवांनी मान डोलावली. मी मात्र रविवारी त्यांना घेऊन किल्ल्यात गेलो.

स्पीकरच्या खरेदीचा किल्ल्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या हाती आली आणि पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी येथे एकामागून एक चर्च उभारले. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चच्या भग्न वास्तूत जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. तेथे एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चिरंजीव. बोललेला शब्द न् शब्द कळला, कारण डोक्यावर छप्पर नाही. आवाज वर आकाशात निघून जातो. छप्पर शाबूत होते तेव्हा तोच आवाज दगडी भिंतींत घुमत राहत असला पाहिजे. अशा जागी संथ गाणे खुलते, भरभर बोलणे बुडते.

घंटांची गोष्ट उलटी. त्या मुळी उघड्या हवेसाठीच. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि येथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदाकाठची नारोशंकराची घंटा १७२१ ची, तर वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची. दोन्ही वसईच्या मोहिमेतल्या म्हणून ओळखल्या जातात. नदीकाठी ती शोभते. तीच आमच्या दिवाणखान्यात टांगली तर? दुकानदाराचा सल्ला मला त्याच जातीचा वाटला.

हे कोडे सोडवले वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले कुणाला धड कळेना. आवाज साडेपाच सेकंद रेंगाळे. या गृहस्थाने जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणवल्या, रात्री जागून मोजमापे घेतली आणि दाखवून दिले की खोलीच्या घनफळाबरोबर घुमणे वाढते आणि आवाज शोषणाऱ्या वस्तूंबरोबर घटते. माणूसही आवाज शोषतो बरे! कीर्तनाला सतरंजीवर दाटीवाटीने बसणारी मंडळी बुवांवर किती उपकार करीत, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

त्याच्या सूत्राने मी आमचा हिशेब मांडला. ६,६०० घनफूट हवा, खाली फरशी, चहूकडे गिलावा. घुमणे सुमारे पावणेतीन सेकंद! वॉट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने चढतो, आणि त्याच्यासंगे गोंगाटही चढतो. तेव्हा रिसीव्हर बेताचाच घेतला. पैसा घातला तो मधल्या स्पीकरमध्ये. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना ऐकवला, तेव्हाही डावा-उजवा सोडून मध्ये तिसरा स्पीकर होताच. सिनेमाचे संवाद बहुतांशी या मधल्याच वाटेने येतात. आम्ही तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला. शिवाय जाड पडदे लावले, आणि आईच्या वेळची मोठी सतरंजी माळ्यावरून काढून झटकली. मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षावर ढकलले, म्हणून चिरंजीव दोन दिवस हिरमुसलेले होते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळाची ताटे सतरंजीवर आली आणि सिनेमा सुरू झाला. अर्ध्या तासाने अण्णा हललेले पाहून माझ्या पोटात गोळा आला. ते उठले नाहीत. चिरंजीवांकडे वळून म्हणाले, "अरे, आवाज जरा कमी कर. कळतंय मला."