धरण कोणाचे, शोध कोणाचा?

भोरजवळचे भाटघर धरण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकात पहिले धरण झाले, तेव्हा जलाशयाला व्हाइटिंग या इंजिनियराचे नाव मिळाले. पुढे १९२८ च्या सुमारास मोठे धरण पुरे झाले, त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव दिले. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. यातले एक नाव आखणी करणाऱ्याचे, दुसरे अधिकारपदाचे, तिसरे आदराचे. दगड घडविणाऱ्यांचे नाव मात्र कोठेच नाही.

शास्त्रीय संशोधनातही हाच पेच पडतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यावर निबंध निघाला, त्याचे लेखक हजाराहून अधिक! त्यांत आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेतलेही होते. क्षीण लहर गोंगाटातून कशी निवडावी, यावर आयुकाचे संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्येच पायाभूत काम केले होते. निबंधातली नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावली, म्हणून ॲबट हे नाव पहिले आले. त्याचा अर्थ सर्वांत जास्त काम ॲबटने केले, असा नव्हे. पुढे २०१७ चे नोबेल पारितोषिक तिघांनाच मिळाले, कारण तिघांपेक्षा अधिक जणांत ते वाटता येत नाही.

मग लेखक म्हणावे तरी कोणाला? वैद्यक नियतकालिकांच्या संपादकांनी यासाठी चार कसोट्या ठरविल्या आहेत. कामात भरीव वाटा हवा. लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात हवा. छापण्यापूर्वी अखेरची संमती हवी. आणि चूक निघाली तर उत्तर देण्याची तयारी हवी. ही चौथी कसोटी २०१३ मध्ये जोडली गेली. नुसता पैसा पुरविला किंवा खात्याचा प्रमुख आहे, एवढ्याने कोणी लेखक ठरत नाही. ज्यांनी मदत केली पण चारही अटी पुऱ्या केल्या नाहीत, त्यांचे आभार नावानिशी मानायचे. म्हणजे नाव हा नुसता मान नव्हे, ती जबाबदारीही आहे.

भोर-वेल्ह्यातल्या गुरुजींनी आणि बाईंनी हे मुलांना आताच शिकवावे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गट पाडलात, की कोण काय करणार ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. ओढ्याचे पाणी रोज मोजणारी मुलगी आणि तक्ता रंगविणारा मुलगा, दोघांचेही काम नावासह लिहा. वाटणी आधी ठरली, तर बक्षिसाच्या दिवशी भांडण होत नाही. आणि आकडा चुकला, तर विचारायचे कोणाला तेही ठाऊक असते.