नवीन घोडा कळपात सोडताना घ्यायची काळजी आणि जखमांवर प्रथमोपचार

सारंगखेडा (जि. नंदुरबार) येथील यात्रेतून किंवा माळेगाव (जि. नांदेड) येथील खंडोबाच्या यात्रेतून घोडा खरेदी केला, की तो बहुतेक वेळा त्याच दिवशी घरच्या घोड्यांशेजारी बांधला जातो. यातून दोन धोके उद्भवतात. पहिला म्हणजे यात्रेतून आलेला आजार घरच्या जनावरांना लागणे. दुसरा म्हणजे लाथा आणि चाव्यांनी होणाऱ्या जखमा. घोडा मोठी जखम सहन करतो, पण सांध्यावरच्या लहानशा छिद्राने कायमचा लंगडा होऊ शकतो. थोडा वेळ आणि योग्य जागा दिली, तर यातील बहुतेक जखमा टाळता येतात.

घोडे आपसात का भांडतात?

प्रत्येक कळपात मान ठरलेला असतो. पाण्यावर आधी कोण जाणार, वैरणीवरून कोणी कोणाला हटवायचे, हे घोडे कान मागे पाडून, दात दाखवून किंवा पुठ्ठा वळवून एकमेकांना सांगतात. नवीन घोडा आला, की ही रचना पुन्हा ठरते. कमी मानाच्या घोड्याला बाजूला होण्यास जागा असेल, तर बहुतेक वेळा इशाऱ्यावरच भागते. जागा नसेल, तर लाथ बसते. त्यामुळे पळायला वाट असणे हीच सर्वांत मोठी खबरदारी आहे.

पहिला टप्पा : विलगीकरण (किमान २१ दिवस)

- नवीन घोडा घरच्या घोड्यांपासून दूर, वेगळ्या जागी ठेवा. पाण्याची बादली, चंदीची पाटी, खरारा, मोरकी आणि झूल वेगळी वापरा.
- रोजचे काम आधी घरच्या घोड्यांचे करा, शेवटी नवीन घोड्याचे. त्यानंतर हात साबणाने धुवा.
- रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. विश्रांतीच्या वेळी प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वसन मिनिटाला ८ ते १६ असते.
- नाकातून घट्ट स्राव किंवा जबड्याखाली गाठ दिसल्यास घशातील गाठींच्या संसर्गजन्य आजाराची (स्ट्रँगल्स) शंका घ्या आणि पशुवैद्यकाला बोलवा.
- पहिल्याच आठवड्यात ग्लँडर्स व सर्रा या आजारांसाठी रक्ततपासणी करून घ्या.

ग्लँडर्सबाबत हयगय नको. २००६ मध्ये हा आजार महाराष्ट्रासह काही राज्यांत आढळला होता. नाकात व्रण, चिकट स्राव, पायाच्या आतील बाजूस फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे आहेत. मात्र जुनाट आजारात घोडा वरून निरोगी दिसू शकतो. हा आजार माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची माहिती शासकीय पशुवैद्यकीय यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. या आजाराच्या निदानाचे काम हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करते.

याच काळात खाद्य बदला. आधीच्या मालकाकडील चंदी व वैरण विचारून घ्या आणि ७ ते १० दिवसांत हळूहळू आपल्या खाद्यावर आणा. खाद्य एकदम बदलल्यास पोटशूळ होऊ शकतो.

दुसरा टप्पा : दुरून ओळख (५ ते ७ दिवस)

विलगीकरणात आजार आढळला नाही, तर नवीन घोडा शेजारच्या कुंपणात आणा. दोन्ही कुंपणांत ८ ते १० फुटांचे अंतर ठेवा. घोडे एकमेकांना पाहतील, वास घेतील; पण पाय कुंपणात अडकणार नाहीत. कुंपण लाकडी किंवा पाइपचे आणि सुमारे ५ फूट उंच असावे. काटेरी तार वापरू नका. पळणारा घोडा तारेत अडकला, तर पायाची कातडी आणि शिरा सोलून निघतात.

दोघांनी दोन घोडे दोरीने धरून तोंडाला तोंड लावून 'ओळख' करून देण्याची पद्धत धोक्याची आहे. घोड्याला मागे हटता येत नाही आणि पुढच्या पायाचा फटका धरणाऱ्याला बसतो.

तिसरा टप्पा : एकत्र सोडणे

1. आधी कळपातील सर्वांत शांत घोडा निवडून फक्त त्याच्यासोबत २ ते ३ दिवस सोडा. जोडी जमली, की बाकीचे एकेक करून वाढवा.
2. सकाळी, पोटभर वैरण खाल्ल्यानंतर सोडा. पाऊस पडून जमीन निसरडी झाली असेल, तर तो दिवस टाळा.
3. नालबंदाकडून किमान मागच्या पायांचे नाल काढून घ्या. नाल असलेल्या पायाची लाथ हाड मोडू शकते.
4. मोरकी काढून ठेवा. ती खांबात किंवा दुसऱ्या घोड्याच्या पायात अडकते.
5. वैरणीचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त आणि एकमेकांपासून किमान २५ ते ३० फूट अंतरावर ठेवा. पाणी दोन ठिकाणी ठेवा.
6. अरुंद कोपरे बांबू आडवे बांधून बंद करा. एकच दार असलेल्या शेडमध्ये घोडे एकत्र कोंडू नका.
7. पहिले दोन तास समोर थांबा. पहिले ३ ते ४ दिवस रात्री वेगळे बांधा.

एक घोडा बांधलेला आणि दुसरा मोकळा, असे कधीही ठेवू नका. बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही. दावणीला बांधताना दोन घोड्यांच्या लाथा एकमेकांपर्यंत पोहोचणार नाहीत इतके अंतर ठेवा.

नर घोडा (खच्ची न केलेला) घोड्यांच्या कळपात सोडू नका. नुकताच खच्ची केलेला घोडा घोड्यांपासून, म्हणजे माद्यांपासून, किमान ६ आठवडे दूर ठेवा. या काळात घोडी गाभण राहू शकते. शिंगरू असलेली घोडी आक्रमक होते, म्हणून तिच्यासोबत नवीन घोडा ठेवू नका.

केव्हा मध्ये पडावे?

किंचाळणे, कान पाडणे, पुढचा पाय आपटणे, थोडा पाठलाग आणि किरकोळ चावा हे स्वाभाविक आहे. पुढील वेळी मात्र घोडे वेगळे करा :

- नवीन घोडा कोपऱ्यात कोंडला जाऊन त्याच्यावर सतत लाथा बसत आहेत.
- पाठलाग १० ते १५ मिनिटांनंतरही थांबत नाही.
- नवीन घोड्याला पाण्यावर किंवा वैरणीवर येऊच दिले जात नाही.
- रक्त आले किंवा घोडा लंगडू लागला.

भांडणाऱ्या घोड्यांच्या मध्ये जाऊ नका. फाटक उघडा, लांब काठीला कापड बांधून हलवा किंवा चंदीची बादली वाजवून एकाला बाहेर काढा. हे काम दोघांनी मिळून करा.

जखम झाल्यास पहिली १५ मिनिटे

आधी घोड्याला शांत जागी आणून धरा. लगाम धरणारा आणि उपचार करणारा घोड्याच्या एकाच बाजूला उभे राहावेत.

*रक्तस्राव :* स्वच्छ जाड कापड जखमेवर १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरा. कापड भिजले तरी काढू नका, त्यावर दुसरे ठेवा. लाल रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर दाब कायम ठेवून पशुवैद्यकाला तातडीने बोलवा.

*धुणे :* रक्त थांबल्यावर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ (सुमारे दीड लहान चमचा) मिसळून जखम धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असेल, तर कोऱ्या चहाच्या फिकट रंगाइतके पातळ करा.

*पट्टी :* पायाच्या जखमेवर स्वच्छ गॉज, त्यावर कापसाचा जाड थर आणि मग पट्टी बांधा. कापसाशिवाय घट्ट पट्टी बांधल्यास रक्तपुरवठा अडतो.

टाके घालण्याची शक्यता असलेली जखम ६ ते ८ तासांच्या आत पशुवैद्यकाला दाखवा. त्यापूर्वी तिच्यावर मलम किंवा पावडर लावू नका.

लहान दिसणाऱ्या, पण गंभीर जखमा

- सांध्याजवळील छिद्र : त्यातून पिवळसर, चिकट, तार येणारा द्रव दिसला, तर सांधा उघडा पडला आहे असे समजा. द्रव दिसला नाही तरी सांध्यावरची खोल जखम त्याच दिवशी तपासून घ्या. एक-दोन दिवसांच्या उशिराने सांधा निकामी होऊ शकतो.
- पायाच्या आतील बाजूस बसलेली लाथ : येथे हाडावर फक्त कातडी असते. बारीक तडा असला, तरी घोडा सुरुवातीला चालतो आणि नंतर हाड एकदम मोडते. तपासणी होईपर्यंत घोडा फिरवू नका, स्वार होऊ नका, गाडीत चढवू नका.
- डोळा : पाणी गळणे, डोळा मिटून ठेवणे किंवा बुबुळावर पांढरटपणा ही तातडीची बाब आहे. घरातील डोळ्यांचे थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असल्यास बुबुळाची जखम चिघळते.
- छाती व पोट : जखमेतून हवा आत-बाहेर होत असेल किंवा लाथेनंतर घोडा सुस्त होऊन हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

हे टाळा

- जखमेवर चुना, रॉकेल, जळके ऑइल, राख किंवा शेण लावणे. त्याने ऊती जळतात आणि जंतुसंसर्ग वाढतो.
- माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देणे. डायक्लोफेनॅक हे औषध गिधाडांच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याने २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

धनुर्वात आणि नंतरची देखभाल

पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताचा सर्वाधिक धोका घोड्याला असतो. लहान खिळ्याच्या जखमेतूनही तो होतो. ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोन लसी आणि त्यानंतर दरवर्षी एक मात्रा देणे योग्य. नवीन घोड्याचे लसीकरण विलगीकरणातच सुरू करा. लसीची नोंद नसलेल्या घोड्याला जखम झाली, तर पशुवैद्यकाला तसे स्पष्ट सांगा.

गुडघ्याखालील जखमांत भरताना लाल मांस कातडीच्या वर वाढते. त्यावर घरगुती दाहक औषधे लावू नका, पशुवैद्यकाकडून कापून घ्या. माश्या बसू देऊ नका. सूज, दुर्गंधी, ताप किंवा लंगडणे वाढले, तर पुन्हा तपासणी करा.

पागेत थर्मामीटर, गॉज, कापसाचे रोल, पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीन, मीठ, कात्री आणि टॉर्च एका डब्यात तयार ठेवा. डब्याच्या झाकणावर जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लिहून ठेवा. फोन करताना जखमेची जागा, वेळ, घोड्याचा ताप आणि लसीची नोंद सांगितल्यास पशुवैद्यकाला योग्य तयारीने येता येते.