अलेप्पोची माता : सोनेरी हॅम्स्टरच्या अपत्यसंगोपनाविषयीच्या शब्दांचा इतिहास

पाळीव प्राण्याच्या एखाद्या जातीचा आरंभ तिथीवारानिशी सांगता येणे ही विरळ गोष्ट होय. सोनेरी हॅम्स्टर या कृंतक प्राण्याच्या बाबतीत मात्र तो सांगता येतो. दिनांक १२ एप्रिल १९३०. स्थळ सीरियातील अलेप्पो, म्हणजे अरबी भाषेतील हलब, या नगराजवळचे एक शेत. या आरंभाच्या नोंदीतच एका मातेवर ठेवलेला आरोप आहे. त्या आरोपाची भाषा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाऊस याने १८३९ मध्ये केले होते. परंतु जिवंत प्राणी अभ्यासकांच्या हाती नव्हते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील परोपजीवीशास्त्रज्ञ सॉल अ‍ॅडलर हे कालाआजार व तत्सम रोगांवर संशोधन करीत होते. चिनी हॅम्स्टर त्यांना उपयुक्त ठरत. पण त्यांची वीण प्रयोगशाळेत होईना. तेव्हा प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी स्थानिक वाटाड्या व मजूर यांच्या साहाय्याने अलेप्पोजवळ शोध घेतला. सुमारे आठ फूट खोल खणल्यावर एक घरटे लागले. त्यात एक मादी व तिची अकरा पिले होती.

पुढील प्रसंग अहारोनींनी आपल्या हिब्रू आठवणींत नमूद केला आहे. मादी व पिले पेटीत ठेवताच मादीने आपल्याजवळ आलेल्या पिलाचे मुंडके तोडले. अहारोनींनी तिला तत्काळ वेगळे काढून सायनाइडने मारले. उरलेली दहा पिले, ज्यांचे डोळेही उघडले नव्हते, त्यांनी व त्यांच्या पत्नीने हातांनी वाढविली. काही निसटली, काही मेली. अखेर उरलेला एक नर व मोजक्या माद्या यांच्यापासून विद्यापीठात वंश वाढला. अ‍ॅडलर यांनी १९३१ मध्ये काही प्राणी इंग्लंडला नेले. आज जगभर घरोघरी व प्रयोगशाळांतून दिसणारे बहुसंख्य सोनेरी हॅम्स्टर त्या एका वेताचे वंशज होत. ज्या मातेपासून हा वंश चालला, ती मात्र अपत्यघातकी म्हणून मारली गेली.

अहारोनींच्या निवेदनात भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी एक गोष्ट आहे. मादीच्या कृत्यास ते क्रौर्य म्हणतात आणि त्याच दमात ते मातृप्रेमाचेही कार्य मानतात. मनुष्याच्या प्रयोगास बळी पडण्यापेक्षा आपले बाळ मेलेले बरे, असा विचार ते तिच्या ठायी कल्पितात. एकाच कृतीस दोन परस्परविरुद्ध नावे मिळतात, आणि दोन्ही मानवी कुटुंबाच्या कोशातून घेतलेली असतात. आपल्याकडील हौदातल्या माकडिणीची गोष्ट आठवावी. पाणी नाकापर्यंत आले तेव्हा तिने पिलू पायाखाली घेतले, असे आपण सांगतो. आणि ऐकणारा बहुधा माकडिणीलाच दोष देतो. हौदात पाणी कोणी सोडले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अलेप्पोच्या नोंदीतही घरटे खणून काढणारा हातच पुढे निवाडा लिहितो.

प्राण्याचे नावही आपल्याला मातेविषयी काही सांगत नाही. जर्मनमध्ये ‘हॅम्स्टर’ या नामापासून साठेबाजी करणे या अर्थाचे क्रियापद बनले आहे. हिब्रूतील ‘ओगेर’ हे नावही साठविणे या अर्थाच्या धातूपासून आले आहे. गालांतील पिशव्यांत धान्य भरून नेण्याची सवय दोन्ही नावांच्या मुळाशी आहे. पण घरट्याला धोका वाटल्यास मादी याच पिशव्यांतून पिलेही हलविते. सुमारे सोळा दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मलेली ही पिले उघडी व आंधळी असतात. त्यांना ऊब देणे, चाटून स्वच्छ करणे, भटकलेल्यांना घरट्यात आणणे, हे सर्व ती एकटीच करते. संग्रहाला भाषेत नाव मिळाले. संगोपनाला मिळाले नाही.

हॅम्स्टर घरोघर पोहोचल्यावर निवाड्याचा रोख बदलला. पिले खाल्ली गेली तर दोष मालकाचा. त्याने घरटे उघडले, पिलांना हात लावला, असे सांगण्यात येऊ लागले. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत घरट्यात हात घालू नये, अन्नपाणी मुबलक द्यावे, नर वेगळा ठेवावा, ही शिकवण योग्यच आहे. परंतु तीही घटनेचा पूर्ण उलगडा करीत नाही. डे आणि गेलेफ या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दाखविले की, प्रसूतीनंतरच्या दिवसांत काही पिले खाणे हा या मादीच्या सर्वसामान्य मातृवर्तनाचाच एक सुसंघटित भाग आहे. तत्कालीन परिस्थितीत आपल्याला जितकी पिले वाढविता येतील, तितक्यांपुरते ती वेत मर्यादित करते. म्हणजे ज्यास मातृत्वाचा अभाव म्हटले गेले, ते मातृत्वाच्याच व्यवहारात मोडते.

यावरून अलेप्पोच्या मादीचे कृत्य गणिती होते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. खणलेले घरटे व परकी पेटी ही काही सर्वसामान्य परिस्थिती नव्हे. त्या क्षणी तिच्यात काय घडले, ते एका साक्षीदाराच्या नोंदीवरून ठरविता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढेच म्हणता येते की, ‘क्रूर’ आणि ‘प्रेमळ’ ही दोन्ही विशेषणे त्या मादीची माहिती देण्याऐवजी नोंद करणाऱ्याच्या मनाची माहिती देतात. अहारोनींनी निदान दोन्ही शब्द लिहून ठेवले. त्यांपैकी एकच लिहिला असता, तर आज आपल्याला शंका घेण्यासही जागा उरली नसती. मूक जीवांविषयीची साधने वाचताना आपण प्रथम क्रियापदे वाचावीत आणि विशेषणे मागाहून वाचावीत, हा धडा त्या एका वेताच्या नोंदीतून घेण्यासारखा आहे.