परजीवी विद्युतगळती (वाहन)

परजीवी विद्युतगळती म्हणजे वाहनाचे इंजिन बंद असताना व किल्ली काढलेली असताना बॅटरीतून नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात वाहत राहणारा विद्युतप्रवाह होय. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘करंट लीकेज’ म्हणतात. या दोषाचा परिणाम बॅटरीवर दिसतो, परंतु त्याचे मूळ बहुधा बॅटरीबाहेर असते. त्यामुळे कारण न शोधता बसवलेली नवी बॅटरीही काही दिवसांतच पहिलीसारखी उतरते आणि मालकाचा खर्च वाया जातो.

स्वरूप

उभ्या गाडीचा वीजवापर सहसा पूर्णपणे शून्य नसतो. घड्याळ, दूरनियंत्रित कुलपाचा ग्राहक, चोरीसूचक यंत्रणा आणि इंजिन नियंत्रकाची स्मृती यांना अखंड वीज लागते. आधुनिक मोटारीत हा प्रवाह साधारणपणे ५० मिलिअँपिअरपर्यंत असल्यास तो सदोष मानला जात नाही. ३० मिलिअँपिअरच्या हिशेबाने दिवसाला ०.७२ अँपिअर-तास वीज खर्च होते. भारतात २५ मार्च ते ३ मे २०२० या ४० दिवसांच्या टाळेबंदीत जागेवर उभ्या राहिलेल्या अशा मोटारीतून सुमारे २९ अँपिअर-तास वीज गेली असती. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा निम्म्याहून मोठा भाग आहे, म्हणजे कोणताही दोष नसताना ती गाडी सुरू न होणे स्वाभाविक ठरते.

दोष असल्यास हेच काम दोन-तीन रात्रींत होते. डिकीतील ५ वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास वीज संपते. दुचाकीची बॅटरी बहुधा ३ ते ९ अँपिअर-तासांचीच असल्याने तिथे १० मिलिअँपिअरची जादा गळतीही काही आठवड्यांत जाणवते.

पूर्ण प्रभारित व स्थिरावलेल्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तर १२ व्होल्टच्या आसपास ती जवळजवळ रिकामी असते. या अवस्थेत ती पडून राहिल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते. म्हणून वारंवार ‘जंप स्टार्ट’ करून किंवा ढकलून चालवलेली गाडी अखेरीस चांगल्या बॅटरीचाही बळी घेते.

कारणे

डिकी, डॅशबोर्डचा कप्पा व बॉनेटखालील दिवे, चिकटून बसलेले रिलेचे संपर्क आणि झोपी न जाणारे नियंत्रक ही नेहमीची कारणे होत. बाहेरून बसवलेली उपकरणे याहून अधिक संशयास्पद असतात. म्युझिक सिस्टिमच्या तारांपैकी पिवळी तार सहसा अखंड विजेची व तांबडी किल्लीवर चालणारी असते. काम सोपे करण्यासाठी दोन्ही एकत्र जोडल्या की संच बंद दिसूनही वीज घेत राहतो. भारतात १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सी, बस यांसारख्या सार्वजनिक सेवा वाहनांना स्थाननिदर्शक यंत्र बंधनकारक आहे. हे यंत्र गाडी उभी असतानाही वीज घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या गाडीच्या हिशेबात ते धरावे लागते.

अल्टरनेटरमधील डायोड बिघडल्यास प्रवाह बॅटरीकडून उलटा त्याच्याकडे वाहतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागणे ही याची खूण होय. त्याची जाड तार प्रवासी कक्षातील फ्यूजपेटीतून जात नसल्याने तेथील सर्व फ्यूज काढूनही ही गळती थांबत नाही.

शोधाची पद्धत

प्रथम बॅटरी पूर्ण प्रभारित करून तिची स्वतंत्र चाचणी घेतात. जुनी बॅटरी, अल्टरनेटरचे अपुरे प्रभारण किंवा रोजचा अगदी छोटा प्रवास यांची लक्षणे गळतीसारखीच असतात.

त्यानंतर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचे ऋण अग्र व तिची केबल यांच्यामध्ये एकसरीत जोडतात. केबल सोडवण्यापूर्वीच मीटरच्या तारा दोन्ही बाजूंना धरून ठेवणे हितावह असते. वीज क्षणभर तुटली तरी अडकलेला नियंत्रक नव्याने सुरू होऊन दोष नाहीसा होतो, आणि मग शोधण्यासारखे काहीच उरत नाही.

यानंतरची पायरी थांबण्याची आहे आणि बहुतेक चुका येथेच होतात. दार बंद झाल्यावर नियंत्रक एकेक करून झोपी जातात. त्यास गाडीनुसार १० मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागू शकतो. तोपर्यंत मीटर काही अँपिअरही दाखवू शकतो, पण ती गळती नव्हे. बॉनेट किंवा दार उघडे ठेवायचे असल्यास त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवतात, आणि बिनकिल्ली प्रणालीची किल्ली गाडीपासून दूर ठेवतात.

प्रवाह स्थिरावूनही जास्त राहिल्यास एकेक फ्यूज काढून कोणत्या फ्यूजने आकडा खाली येतो ते पाहतात. ही रूढ रीत जुन्या गाड्यांना पुरेशी आहे. नव्या गाड्यांत मात्र फ्यूज परत लावताच नियंत्रक जागे होतात व पुन्हा ताटकळावे लागते. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या धातुबिंदूंमधील विभवांतर मोजणे अधिक सोयीचे ठरते. फ्यूजला अत्यल्प का होईना रोध असल्याने त्यातून प्रवाह वाहत असेल तर मिलिव्होल्टचा अंशभर दाब आढळतो. शून्य आल्यास तो मार्ग निर्दोष समजतात. दोषी फ्यूज सापडला तरी त्याच्यावर अनेक उपकरणे असतात. वायरिंगच्या आकृतीवरून ती एकेक करून सोडवावी लागतात.

अधूनमधूनच होणारी गळती सर्वांत त्रासदायक असते. अशा वेळी कमाल मूल्य नोंदवणारा मीटर रात्रभर जोडून ठेवतात किंवा एकदिश प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर वापरतात. क्लॅम्प मीटरसाठी केबल सोडवावी लागत नाही, परंतु काही मिलिअँपिअरच्या मापनात तो तितका अचूक नसतो.

सावधगिरी

मीटर एकसरीत असताना गाडी सुरू करू नये. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह घेतो व मीटरचा फ्यूज तत्काळ जळतो. केबल काढताना ऋण अग्र आधी व जोडताना शेवटी घेतात, अन्यथा धन अग्रावरील पान्हा गाडीच्या सांगाड्याला लागून ठिणगी उडण्याचा धोका असतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने ही ठिणगी स्फोटास कारण होऊ शकते.

विद्युत वाहने

विद्युत मोटारींनाही दिवे, कुलपे व नियंत्रकांसाठी सहसा १२ व्होल्टची दुय्यम बॅटरी असते. ती उतरल्यास मुख्य बॅटरीत भरपूर ऊर्जा असूनही तिला जोडणारे संपर्क मिटत नाहीत व गाडी चालू होत नाही. काही वाहने मुख्य बॅटरीतून दुय्यम बॅटरी आपोआप प्रभारित करतात. अशा वाहनांत गळतीचा दोष झाकला जातो आणि तो केवळ उभ्या गाडीच्या घटलेल्या पल्ल्यातून लक्षात येतो.