उसाचे इंधन आणि इंजिनातील दाब

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पोचले आणि जिराईत रानात ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. पुढे सहकारातून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखाने आले. साखर काढून उरलेली मळी आंबवून, तिचे ऊर्ध्वपातन केले की इथाइल अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल मिळते. बारामतीतच पिआजिओच्या कारखान्यात तीनचाकी गाड्या आणि स्कूटरही तयार होतात. इंधनाचे पीक आणि इंजिन एकाच तालुक्यात आहेत; पण त्यांची जोडी जुळवायची कशी, हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे.

पेट्रोल इंजिनात दट्ट्या खाली असताना सिलिंडरमध्ये जितकी जागा असते, ती दट्ट्या वर गेल्यावर कितव्या हिश्श्याइतकी उरते, यावरून संपीडन गुणोत्तर ठरते. गुणोत्तर १० असेल, तर मिश्रण एक दशांश जागेत दाबले जाते. गुणोत्तर वाढले की कार्यक्षमता वाढते. पुस्तकी सूत्राने ती ७.५ गुणोत्तराला सुमारे ५५ टक्के, १० ला ६० टक्के आणि १२ ला ६३ टक्के येते. प्रत्यक्षात आकडे बरेच खाली असतात, पण कल हाच असतो.

मग गुणोत्तर वाढवत का नेत नाहीत? सायकलचा पंप मारताना तो गरम होतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. ३०० केल्विन तापमानाची हवा १० गुणोत्तराने झटकन दाबली, तर ती सुमारे ७५० केल्विनपर्यंत तापते. १२ गुणोत्तराला ८१० पर्यंत. अशा तापमानाला ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, ठोके ऐकू येतात आणि दट्ट्याला इजा होते. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो यांनी चालू असताना गुणोत्तर बदलता येईल असे इंजिन बनवले आणि कोणते इंधन कुठवर ठोक्याविना जळते हे मोजले. त्यात अल्कोहोल पेट्रोलच्या बरेच पुढे निघाले. परंतु १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग ठोके थांबवते असे आढळले. ते स्वस्त पडले आणि अल्कोहोल मागे राहिले. त्या शिशाची विषारी किंमत जगाने पुढे अनेक दशके मोजली.

अल्कोहोलच्या या गुणाचे एक कारण साधे आहे. एक किलो इथेनॉलची वाफ होताना सुमारे ८४० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पेट्रोलला सुमारे ३५० पुरतात. शिवाय एक किलो इथेनॉल ९ किलो हवेत पूर्ण जळते, तर पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. भागाकार केला तर दर किलो हवेमागे इथेनॉल ९३ आणि पेट्रोल २४ किलोज्यूल शोषून घेते, म्हणजे इथेनॉलचा गारवा जवळजवळ चौपट. पण एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. इंजिन तेच ठेवून केवळ इंधन बदलले, तर गाडी कमी अंतर जाणारच.

हा गारवा दोन प्रकारे वापरता येतो. एक म्हणजे संपीडन गुणोत्तर वाढवणे. दुसरा म्हणजे टर्बो. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूने चक्र फिरवून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. पण जादा दाबही हवा तापवतो. टर्बोने दाब दीडपट केला आणि हवा थंड केली नाही, तर ती ३०० वरून सुमारे ३३७ केल्विनवर जाते. शेवटचे तापमान पूर्वीइतकेच ठेवायचे, तर गुणोत्तर १० वरून ७.५ वर आणावे लागते. टर्बोने ताकद मिळते, गुणोत्तराने काटकसर. इंधन जितके ठोके सोसते, तितक्यातच दोघांची वाटणी करावी लागते.

ही वाटणी कशी करावी, याचा धडा ब्राझीलने दिला. तेथे १९७५ मध्ये सरकारी अल्कोहोल योजना सुरू झाली आणि १९७९ मध्ये फियाट १४७ ही केवळ अल्कोहोलवर चालणारी मोटार बाजारात आली. अशा मोटारींचे गुणोत्तर १० च्या पुढे नेलेले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास नव्या दहा मोटारींपैकी नऊ अल्कोहोलच्या होत्या. मग तेल स्वस्त झाले, साखरेचा भाव चढला आणि १९८९-९० मध्ये अल्कोहोलची टंचाई पडली. पंपापुढे रांगा लागल्या. गुणोत्तर धातूत कोरलेले. नुसते पेट्रोल भरून भागणार नव्हते. लोकांचा विश्वास उडाला. २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार आली तेव्हाच तो परतला. पण तिचे गुणोत्तर ही तडजोड होती.

टर्बोचा दाब मात्र झडपेने क्षणात कमीजास्त करता येतो. स्वीडनच्या साब कंपनीने २००५ मध्ये हेच केले. त्यांची मोटार पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देई आणि ८५ टक्के इथेनॉलवर १८०. इंजिन तेच, गुणोत्तर तेच. इंधन ओळखून संगणक दाब वाढवी.

आपल्याकडे १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला आणि २००० मध्ये तो रद्द झाला. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे मिश्रणाचे प्रयोग झाले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचे आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे मिश्रण गाठले. मध्येच, २०२३ च्या डिसेंबरात, पाऊस कमी पडून साखर अपुरी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली; ती लवकरच सैल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली.

म्हणूनच नीरेच्या पाण्यावरचा ऊस आणि इंजिनाचे गुणोत्तर हे एकाच हिशेबाचे भाग आहेत. इंधनाचा पुरवठा पावसावर आणि भावावर हलतो. धातू हलत नाही. गुणोत्तर मध्यम ठेवून उरलेला फायदा बदलता येणाऱ्या दाबातून घेणे, हे अशा पिकाच्या इंधनासाठी शहाणपणाचे ठरते. वर्गात वरचे भागाकार मुलांकडून करून घ्यावेत आणि मग विचारावे: दुष्काळाच्या वर्षी कोणती गाडी चालू राहील?