पालमच्या स्टँडवरची सव्वासातची गाडी

संध्याकाळचे सात वाजलेत. पालमच्या बसस्टँडवर तू बसली आहेस. पिशवीत घडी घातलेला युनिफॉर्म, रिकामा डबा. गंगाखेडहून आलेली एसटी माणसं उतरवून लोह्याकडे निघून गेली. मोबाइलवर दुपारपासून एजंटचा तोच मेसेज उघडा आहे : ‘जीएनएम पाहिजेत. मुंबई, आयसीयू, तीन महिने. पगार ३०,०००. राहण्याची सोय. आजच कळवा.’

परभणीला नर्सिंगचा जीएनएम कोर्स केलास. त्यानंतर दोन वर्षं एका छोट्या दवाखान्यात नाइट ड्यूट्या काढल्यास. मेसेजमधला आकडा तुझ्या पगाराच्या दुप्पट आहे. आई सकाळी एवढंच म्हणाली, “बघ माय, तुझं तू ठरव.” तू ठरवायला इथं बसली आहेस.

सव्वासातला एक गाडी लागते. पाटीवर गावाचं नाव नाही, साल आहे. चढ.

१९९३. सप्टेंबरची ३० तारीख, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. रात्री गणपती बोळवून गाव झोपलंय. अचानक मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, माणसं अंगणात धावतात. उजाडल्यावर रेडिओवर भूकंपाच्या बातमीत किल्लारीचं नाव येतं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून डॉक्टर, नर्सेस मिळेल त्या जीपनं लातूरकडे निघतात. तू एका सिस्टरच्या शेजारी दाटीवाटीनं बसतेस. तिच्याजवळ एक पातळ, एक टॉवेल. किती दिवसांसाठी चाललोय, हे तिला सांगता येत नाही, तरी तिच्या चेहऱ्यावर नोकरीची काळजी नाही. ती सरकारी आहे. तिची खुर्ची मागं राखलेली आहे, पगार मूळ ठिकाणी चालू आहे, परत यायचं ठिकाण ठरलेलं आहे. तुला हे कोणी देणार नाही, तुलाच मागून घ्यावं लागेल. आत्ताच्या दवाखान्यातून भांडून निघू नकोस. अनुभवाचा दाखला आणि रिलिव्हिंग लेटर हातात पडल्यावरच बॅग भर.

१९४३. पालम निजामाच्या राज्यात आहे. आठवडी बाजारात सराफ गादीवर बसलाय. सोलापूरच्या गिरणीतून आलेला एक माणूस कनवटीचे रुपये काढून त्याच्यापुढे ठेवतो. ते इंग्रजांचे, कलदार. पालमच्या बाजारात चालतो हाली शिक्का. सहा कलदार दिले की साधारण सात हाली मिळतात. माणूस खूश होतो, मग हिशेब सांगू लागतो : खोलीचं भाडं कलदारात गेलं, खाणावळ कलदारात गेली, येण्याजाण्याचं भाडंही गेलं. बायको बोटांवर मोजत राहते. सोलापूरला किती मिळाले, हे ती विचारतच नाही. तिला घरात किती आले ते हवंय.

तुझ्या ३०,००० चा हिशेब तिच्यासारखा कर. ‘राहण्याची सोय’ म्हणजे नुसती कॉट की भाडं माफ? समज, कॉटचे ६,००० कापले, मेसचे ४,०००, लोकलचे आणि रिक्षाचे २,०००. उरले १८,०००. एजंटनं पहिल्या महिन्यातून काही कापलं, तर तीन महिन्यांनी हातात काय राहतं ते कागदावर मांड. पीएफ कापणार का, नाइटचा भत्ता वेगळा का, महिन्यात सुट्ट्या किती, हे विचारताना लाजू नकोस. नर्सनं पैशाचं बोलू नये, हे आपल्या मुलींच्या डोक्यात कुणी घातलं देव जाणे. त्यानं फार नुकसान केलंय.

उतरू नकोस. १९४३ मध्येच बैलगाडीनं गंगाखेड, तिथून पुढे हैदराबाद. मुसी नदीकाठी उस्मानिया रुग्णालयाचे घुमट दिसतात. शहराची भाषा उर्दू, दरबाराची उर्दू, उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचं शिक्षणसुद्धा उर्दूतून. मराठवाड्यातून आलेली एक मुलगी वॉर्डात उभी आहे. म्हातारी पेशंट ‘दर्द’ म्हणते तेवढं तिला कळतं. पण तो दर्द टोचतोय की जळतोय की पिळवटतोय, ते म्हातारी भराभर सांगते आणि मुलगी गोंधळते. तुला आत्ता कळतं की भाषा ही मुलाखतीपुरती नसते. रात्री तीन वाजता पेशंट काय पुटपुटला, ते डॉक्टरला फोनवर बिनचूक सांगण्यासाठी ती लागते.

१८९७. पुण्यात प्लेग आहे. गावाबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांचा दवाखाना आहे आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथं घेऊन येतात. मुंढव्याच्या वस्तीतून प्लेगची लागण झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेतलंय. तू धावत जाऊन म्हणू पाहतेस, ‘बाई, हातमोजे, मास्क.’ तुझा आवाज पोचत नाही. १० मार्चला त्या जातात. त्याच वर्षी सरकारनं इंग्लंडहूनही परिचारिका मागवल्या. घरापासून हजारो मैलांवर, अनोळखी भाषेत, अशा आजाराशी त्या लढायला आल्या ज्याच्यावर औषध नव्हतं. मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात परिचारिकांची शाळाही याच साली सुरू झाली. आपला पेशा असा साथीच्या धगीत घडलाय. सावित्रीबाईंनी दिलं ते त्यांनी स्वतःहून दिलं. तुझ्याकडून ते करार करून कोणी मागू शकत नाही. ड्यूटीवर आजारी पडलीस तर उपचार कुणाच्या खर्चानं, विमा कितीचा, त्या दिवसांचा पगार मिळणार का, हे लिहून घे.

२०२०, जून. कोविडची साथ आहे. मुंबईच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात केरळहून डॉक्टर आणि नर्सेसची तुकडी आली आहे. पीपीई किटमध्ये घामानं भिजलेल्या दोघी कॉरिडॉरमध्ये ओव्हर देतायत. भाषा वेगळी, पण क्रम तोच : बेड नंबर, ऑक्सिजन, इन्फ्युजन, लघवीचं माप. ऐकताना तुला सगळं समजतं, आणि छातीत काहीतरी भरून येतं. आपण कुठंही जाऊ शकतो, हे तुला पहिल्यांदा खरं वाटतं. याच ठिकाणी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचार. पालमजवळच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर किती वेळा हाताळलास? तीन महिन्यांच्या कामावर शिकवायला कोणी बसत नाही. पहिल्या दिवशी वॉर्ड दाखवतात, दुसऱ्या दिवशी पेशंट हातात देतात. व्हेंटिलेटरच्या पेशंटमागं एक नर्स हा नियम आहे. तिथं एका नर्सकडे किती पेशंट देतात, ते आधीच तिथं काम केलेल्या सिस्टरला फोन करून विचार. हात बसला नसेल तर सरळ सांग, ‘मला जनरल वॉर्ड द्या.’ यात कमीपणा नाही. पेशंटचा जीव त्यात आहे.

गाडी पुढे जाते. २०२८, श्टुटगार्ट. जानेवारीचा बर्फ, वॉर्डात हीटर, खिडकीत लवकर पडलेला अंधार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही होत्या. तू जर्मनची बी-टू पातळी गाठलीस म्हणून इथं उभी आहेस. पदविकेला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर काम केलंस, ते महिने जड गेले. आता एक आजोबा ‘श्मेर्त्सन’ म्हणतात आणि तू विचारतेस, टोचतंय की जळतंय? हैदराबादच्या वॉर्डातली मुलगी तुला आठवते.

इथवर येण्याचा रस्ता एजंटच्या मेसेजवरून जात नाही. परदेशाचं नाव काढणाऱ्या एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. नियमानं तो ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. लाखांची भाषा आली की फोन ठेव. महाराष्ट्राबाहेर, अगदी गोव्याला गेलीस तरी तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते, त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं ना-हरकत पत्र लागतं, आणि तुझी इथली नोंदणी चालू असावी लागते. तारीख बघ आजच.

पावणेआठ. स्टँडवरचा दिवा लागलाय. माझं मत विचारशील तर जा. पहिल्यांदा आपल्याच राज्यात, तीनच महिने, तुझा हात बसलेल्या वॉर्डात. तू गेलीस म्हणून पालममध्ये तुला कोणी दोष देणार नाही, आणि मोठा आयसीयू पाहून परत आलेली सिस्टर इथल्या ग्रामीण रुग्णालयाला फार उपयोगाची असते.

पण आज रात्री ‘हो’ लिहू नकोस. लिही : ‘आधी करार पाठवा. राहण्याचा पत्ता, कपात, सुट्ट्या आणि विमा त्यात लिहिलेलं हवं.’ आणि मूळ सर्टिफिकेटं आईच्या ट्रंकेतच राहू देत. दाखवायला ने, पण कोणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नकोस. झेरॉक्स दे.